हेलनची ओटी

गेल्या शनिवारी कोपऱ्यावरच्या कुंपणावर हेलन परत आली. म्हणजे तिचा फोटो. प्लॅस्टिकच्या पाटीवर छापलेला, जाळीला चार ठिकाणी बांधलेला. पांढरेशुभ्र दात, खाली नाव, मागे पक्षाचा रंग. मी दूध आणायला निघाले होते, ती थांबले. चार वर्षांत तिचे केस आखूड झालेत आणि फोटोत कुणीतरी तिच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या पुसून टाकल्यात. बाकी तीच. ओळखीचं माणूस दिसलं की आपण करतो तसा माझा हात आपोआप वर गेला, आणि मग माझा मलाच राग आला.

म्हणजे राज्याच्या निवडणुकीचा हंगाम आला. माझ्या पंचांगात तो संक्रांतीला लागतो आणि पाडव्याच्या आगेमागे संपतो. इथली संक्रांत भर उन्हाळ्यात येते. चाळीस डिग्रीत काळी साडी नेसायची आणि वर तिळगूळ खायचा, तोही उष्ण. वड्या थापल्या की धड सुटत नाहीत, ताटाला धरून बसतात. बाहेर झाडांवर सिकाडा नावाचे किडे भरदुपारी असे ओरडतात की शेजारणीशी बोलायचं तर भांडल्यासारखं बोलावं लागतं. रस्त्याच्या कडेची गुलाबी फुलांची झाडं फुललेली असतात. आणि त्याच दिवसांत कुंपणाकुंपणावर माणसांचे चेहरे उगवतात. त्या फुलांचा सडा पायाखाली आला की मला तो चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. आठवू नये म्हटलं तरी.

मी बार्शीची. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढचं इंग्रजी मी इथल्या दुकानांच्या जाहिराती वाचून आणि बसमध्ये कान उघडे ठेवून शिकले. आमच्या ह्यांचं आयुष्य तहसील कचेरीत गेलं. ते गेल्यावर मुलगा, निखिल, मला इकडे घेऊन आला. तो पॅरामॅटाला आयटीत आहे. इथे तीन सरकारं आहेत हे मला समजायलाच वर्ष गेलं. कचरा नेतं ते कौन्सिलचं सरकार, पासपोर्ट देतं ते कॅनबेराचं, आणि रेल्वे, शाळा, हॉस्पिटलं, सरकारी जमिनी यांच्यावर हुकूम चालतो तो राज्याचा. आमचा हॉल त्या तिसऱ्याच्या जमिनीवर होता.

हॉल म्हणजे काय, स्टेशनच्या मागे एक लाकडी खोली. पत्र्याचं छप्पर, पॉलिश गेलेली लाकडी फळ्यांची जमीन, भिंतीवर कुठल्यातरी जुन्या फुटबॉल टीमचे फोटो आणि कोपऱ्यात चहाच्या पाण्याचा मोठा बंब. आत शिरलं की जुन्या लाकडाचा आणि शिळ्या बिस्किटांचा वास यायचा. दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता आम्ही वीस-पंचवीस बायका तिथे जमायचो. सगळ्या मुलांकडे आलेल्या. घरात नातवंडं इंग्रजीत उत्तर देतात, सुना शिफ्टला जातात, आणि दिवसभर बोलायला फ्रिजची घरघर तेवढी असते. मंगळवारी मात्र आम्ही अशा बोलायचो की एकीचं दुसरीला ऐकू जायचं नाही, आणि गेलं नाही तरी बिघडायचं नाही.

हॉलचा एक नियम मीच घालून दिला होता. आत येणाऱ्या प्रत्येकीला कुंकू लावायचं. नवरा असो, नसो, सोडून गेलेला असो. पहिल्याच मंगळवारी मी करंडा घेऊन दारात उभी होते आणि उषाताई आल्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, विजापूरकडच्या, मुलाच्या घरामागच्या एका खोलीच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. कपाळ मोकळं. मी बोट पुढे केलं तशा त्या मागे सरल्या.

"अगं, मला नाही चालत," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली."

"उषाताई, मलाही सहा झाली. मी लावलंय बघा."

"तुझं काय, तू आधीच वाह्यात."

पण कपाळ पुढे केलं. मग चहा होईपर्यंत त्या दर पाच मिनिटांनी बंबाच्या चकचकीत पत्र्यात बघत होत्या. घरी जाताना पदराने पुसून टाकायच्या. सुनेने विचारलं असतं असं नाही, पण त्यांना सांगायला नको वाटायचं. म्हणजे आठवड्यातून तीन तास, त्या पत्र्याखाली, उषाताईंचं कपाळ त्यांचं स्वतःचं असायचं. हॉल गेला तर काय जाणार होतं, ते एवढंच सांगितलं की पुरे.

आणि हॉल जाणार अशी कुजबुज त्या उन्हाळ्यात सुरू झाली होती. स्टेशनजवळच्या सरकारी जागांवर उंच इमारती बांधायच्या, असं काहीतरी. तेवढ्यात हेलन आली. निवडणुकीला पहिल्यांदाच उभी होती, दारोदार हिंडत होती. आमच्या दारात घामाने भिजून उभी राहिली तेव्हा मी तिला ताक दिलं. ती ते प्यायली. नाक मुरडलं नाही, वर भांडं विसळायला निघाली. मी म्हटलं, बाई, मंगळवारी हॉलवर ये, हळदीकुंकू आहे.

ती आली. केशरी टी-शर्ट, त्यावर स्वतःचंच नाव. आमच्यातल्या दोघी-तिघींनी फोटो काढून घेतले. आता बघा, उमेदवार आला तर त्याला हार घालावा, भाषण ऐकावं, चहा पाजावा आणि वाटेला लावावं. बार्शीत आम्ही हेच करत आलो. पुढाऱ्याच्या शब्दावर मी तिकडे भाताचं शीतसुद्धा ठेवलं नसतं. पण इथे ही पोरगी खाली बैठकीवर मांडी घालून बसली, तिचे गुडघे दुखत होते ते दिसत होतं, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं हिची ओटी भरते.

हॅरिस पार्कच्या देशी दुकानातून आणलेला नारळ होता, खण होता, तांदूळ, हळकुंड, सुपारी. पदर कुठून आणायचा? उषाताईंनी आपली शाल काढली, हेलनच्या खांद्यावरून घेतली आणि तिचं टोक तिच्या हातात दिलं. "धर नीट, पोरी, सांडशील." मराठीतच. तिने बरोबर धरलं. तरी तिसऱ्या ओंजळीला तांदूळ सांडलेच. आणि ती बाई खाली वाकली. आम्ही राहू दे, राहू दे म्हणत होतो, पण तिने त्या लाकडी जमिनीच्या फटींतून एकेक दाणा नखाने उकरून वेचला. आमच्या सगळ्या बायका गप्प होऊन बघत होत्या. मी तिथेच फसले. नंतर भाषण झालं, आश्वासन झालं, पण माझं मन त्या फटींपाशीच तिच्या हाती गेलं होतं.

माझी नात अन्वी तेव्हा अकरा वर्षांची, सुट्टी होती म्हणून बरोबर आलेली. तिला मी दुभाषी केलं. उषाताईंनी विचारलं, "विचार गं तिला, आमचा हॉल राहणार का?"

हेलनने उषाताईंचा हात हातात घेतला आणि बरंच काही बोलली. अन्वी म्हणाली, "आजी, ती म्हणतेय की हा हॉल कुठेही जाणार नाही. ती असेपर्यंत नाही. शी प्रॉमिसेस."

आमच्याकडे अशी रीत आहे की ओटी घेऊन निघणाऱ्या लेकीने त्यातले चार दाणे घराच्या उंबऱ्याशी परत ठेवायचे. म्हणजे मी परत येईन, हे घर माझं आहे. हे मी अन्वीला हेलनला सांगायला लावलं. तिने चार दाणे मोजून माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी बोटं मिटली. ते दाणे मी वेलदोड्याच्या रिकाम्या डबीत ठेवले.

मग पुढचे सहा आठवडे मी काय काय केलं ते आठवलं की हसू येतं. मला मत नव्हतं, मी नागरिक नव्हते. पण आमच्यातल्या निम्म्या बायका नागरिक होत्या. इथे मत दिलं नाही तर दंड होतो, म्हणून त्या जायच्या आणि काय वाटेल ते करून यायच्या. उषाताई तर कोरा कागद टाकून यायच्या. "मला कुणातलं काही कळत नाही, कुणाला दुखवायचं कशाला?" असं त्यांचं म्हणणं. मी घरोघर फोन केले. हेलनच्या नावासमोरच्या चौकोनात पहिल्या पसंतीचा, एकचा आकडा कसा घालायचा ते रव्याच्या ताटात बोटाने काढून शिकवलं. निखिल म्हणाला, "आई, तू पार्टी जॉइन केलीस की काय?" मी म्हटलं, "पार्टीचं मला काय करायचंय? मी हेलनचं बघते."

मतदानाचा दिवस शनिवार. शाळेच्या फाटकाशी मी साडीवर केशरी टी-शर्ट चढवून उभी, हातात तिच्या चिठ्ठ्या. शेजारी विरुद्ध पक्षाचा एक म्हातारा, तो मला "मॉर्निंग, डार्ल" म्हणाला आणि आपल्या छत्रीची निम्मी सावली दिली. आतल्या अंगणात शाळेच्या आयाबापांनी सॉसेज भाजायला घेतलेले, कांद्याचा खमंग वास सुटलेला. उषाताई मुलाबरोबर आल्या. शाळेच्या हॉलच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि अनवाणी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा मला शोधत आल्या आणि कानात म्हणाल्या, "लिहिला. एक. तू सांगितलंस म्हणून." मी त्यांना पावात नुसता भाजलेला कांदा घालून आणून दिला. भिंतीला टेकून, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून त्यांनी तो सगळा खाल्ला. तोंडाला कांद्याचं तेल लागलं होतं. इतक्या खूश उषाताई मी नंतर पाहिल्या नाहीत.

हेलन निवडून आली. थोडक्यात आली. आम्ही मंगळवारी पेढे वाटले.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात निखिल ऑफिसमधून कागद घेऊन आला. विधेयक आलं होतं. त्याने जेवण झाल्यावर मला समजावून सांगितलं. स्टेशनजवळच्या सरकारी जमिनी, त्यांची यादी, त्यात आमच्या हॉलचा तुकडा. मी म्हटलं, कौन्सिल थांबवेल की. हॉल जुना आहे, त्याला संरक्षण आहे असं बोर्डावर लिहिलंय. निखिलने एका ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत सांगितलं, "इतर कुठल्याही कायद्यात काहीही म्हटलेलं असलं तरी."

मी हात धुऊन आले आणि बसले. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. आमचे हे कचेरीतून आले की कधीकधी म्हणायचे, आज 'काहीही असले तरी' आलं बरं का. म्हणजे कुणाची तरी जमीन गेली. सरकारी कागदात हे शब्द आले की मागचं सगळं लिहिलेलं पुसलं असं समजायचं. सातासमुद्रापलीकडे येऊन मला तेच वाक्य भेटलं.

"पण हेलन आहे ना," मी म्हटलं.

निखिलने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "आई, तिची पार्टीच आणतेय हे. आणि खरं सांगू? घरं नकोत का लोकांना? माझ्या टीममधली निम्मी मुलं अजून शेअरिंगमध्ये राहतायत."

त्याचं चूक नव्हतं. आजही मला घरं नकोत असं म्हणवत नाही. हॅरिस पार्कच्या फ्लॅटांत एका खोलीत चार-चार मुलं राहताना मी पाहिलीत. हेलनने येऊन एवढं जरी सांगितलं असतं की उषाताई, मी शब्द दिला तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माझा नाइलाज आहे, तर आम्ही तिला चहा दिला असता. आम्ही जन्मभर नाइलाज बघितलेत. मी तिच्या ऑफिसात तीन वेळा गेले. काउंटरवरची मुलगी गोड होती. प्रत्येक वेळी "नो वरीज, आय विल पास इट ऑन" म्हणाली.

म्हणून मी विधेयकावर मतदान होणार त्या दिवशी विधानसभेत गेले. अन्वीला शाळा बुडवायला लावली, ट्रेनने शहरात गेलो. बाहेरून इमारत अगदी साधी, आपल्या जुन्या सिव्हिल हॉस्पिटलसारखी व्हरांड्याची. आत पिशवी काढून घेतली, फोन काढून घेतला. गॅलरीत बसायचं, बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. खाली हिरवी बाकं. हेलन तिसऱ्या बाकावर, गळ्यात मोत्यांची बारीक माळ, काहीतरी लिहीत होती. मला इतकं बरं वाटलं तिला बघून. काय सांगू, कपाळ आठवत होते मी तिचं, आपण लावलेलं कुंकू.

कुणीतरी उभं राहून म्हणालं की मतं मोजा. मग घंटा वाजायला लागली, शाळेची मधली सुट्टी संपल्यासारखी, लांबच लांब. लोक धावत आत आले, दारं लावली. अन्वी कानात सांगत होती, "आजी, हो म्हणणारे त्या उजव्या बाजूला जाऊन बसणार, नाही म्हणणारे डावीकडे." मी म्हटलं, बघू. इतकी माणसं उठली, खुर्च्या बदलल्या, गप्पा मारत, हसत, लग्नात पंगत बदलते तशी. हेलन उठलीसुद्धा नाही. तिला उठायची गरजच पडली नाही. ती आधीपासून उजव्याच बाजूला बसली होती.

विधेयक मंजूर झालं, मग विरोधी पक्षाच्या एका बाईंचं नाव घेऊन कुणी काही बोललं, पुढचा विषय सुरू झाला. एवढंच. मला वाटलं होतं की काहीतरी होईल. आमच्या हॉलचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही.

बाहेरच्या दालनात ती आम्हाला दिसली आणि हात पसरून आली. "ऑन्टी! यू केम!" मला मिठी मारली. मिठी खरी होती हो, तेच तर. मी अन्वीला म्हटलं, तिला विचार, दाणे आठवतात का. अन्वीने विचारलं. हेलन हसली, म्हणाली की तो किती सुंदर दिवस होता, नारळ अजून तिच्या ऑफिसात कपाटावर आहे. तो नारळ दोन वर्षांत आतून पार सुकला असणार. मग तिच्या मदतनिसाने आमचा फोटो काढला. हसायला सांगितलं, आणि मी हसले. आपली खोड जात नाही.

महिन्याभराने तिचं पत्रक सगळ्यांच्या पेटीत पडलं. आत तोच फोटो, खाली लिहिलेलं की आमच्या भागातल्या ज्येष्ठांसोबत, विधानसभेत. माझ्या सगळ्या मैत्रिणींकडे गेलं ते. उषाताईंकडेही. मी माझ्याकडचं पत्रक लसूण सोलायला घेतलं.

हॉल पाडला त्या दिवशी मी गेले नाही. आता तिथे क्रेन आहे, चौथा मजला चढलाय. तळमजल्यावर सर्वांसाठी एक खोली असणार म्हणतात, फोनवरून बुक करायची, विम्याचा कागद जोडून. तोवर दोन सबर्ब पलीकडची जागा सुचवली आहे. काही जणी जातात. उषाताईंना दोन बस बदलता येत नाहीत. मंगळवारी अकरा वाजता त्या मला फोन करतात, स्पीकरवर टाकतात आणि भाजी निवडतात. हॉलचं नाव एकदाही काढत नाहीत. टोमणे मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, माझ्या साडीवरून मारतील, स्वयंपाकावरून मारतील. यावरून कधी नाही. त्यांनी मारायला हवा होता.

गेल्या वर्षी मी नागरिक झाले. झेंडा दिला, एक रोपटं दिलं. या वेळी माझंही मत आहे. परवा हेलनच्या ऑफिसातून एका मुलाचा फोन आला, ऑन्टी, शाळेच्या फाटकाशी उभं राहायला तुमचं नाव घालू ना? मी म्हटलं, माझे पाय दुखतात. ते खोटं नाही, पण कारण ते नव्हतं.

आणि काल मंगळवार. भाजी निवडता निवडता उषाताई म्हणाल्या, "सुमन, आमच्या कुंपणावर पण ती बाई लावलीय. मुलाने नव्हे, शेजाऱ्याने. काय गं, या वेळी कुणाला घालायचा एक?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांग की. तू सांगशील त्याला घालते. मला थोडंच कळतंय."

दोन वर्षं मी वाट बघत होते की या बाईने मला एकदा तरी बोलावं. आणि त्या अजून माझ्याच शब्दावर बसल्या होत्या. पलीकडे मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "उषाताई, या वेळी तुमचं तुम्ही ठरवा. माझं ऐकू नका."

काड्यांचा आवाज थांबला.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मग मी आपला पूर्वीसारखा कोरा टाकते." चहा नको असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. मग म्हणाल्या, मेथी फार जून आहे या खेपेला, आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात उभीच होते. हेलनने काय केलं ते मला गॅलरीत बसून कळलं होतं. मी काय केलं ते मला काल कळलं. डबी काढून बघितली, चार दाणे आहेत, किडलेले नाहीत. टाकवत नाहीत.

पुढच्या मंगळवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. कुंकवाचा करंडा पिशवीत घालून ठेवलाय. मताचं काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.